ऑपरेशनच्या अलीकडे आणि पलीकडे

कुष्ठरोगाच्या कामात मुरलेला अवैद्यकीय सहायक अंगावरचा चट्टा बघून थांबत नाही. तो रुग्णाचं कोपर हातात घेतो, आतल्या हाडाच्या मागची नस अंगठ्याने चाचपतो आणि बोलता बोलता रुग्णाच्या चेहऱ्यावर कळ उमटते का ते बघतो. मग करंगळी बाहेर काढायला सांगतो. शेजारशेजारच्या दोन बोटांमध्ये कागदाची चिठ्ठी घट्ट धरायला लावतो आणि ती ओढतो. चिठ्ठी अलगद सुटून आली, तर नस दुखावली आहे आणि तळहातातले बारीक स्नायू ढिले पडू लागले आहेत. या सगळ्याला पाच मिनिटंही लागत नाहीत. हे वेळेत कळलं तर प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्यांवर बहुतेकदा भागतं. नाही कळलं, तर वर्षा-दोन वर्षांनी तोच हात आखडलेल्या बोटांनिशी शल्यविशारदापुढे येतो.

चंद्रपूर आणि गडचिरोली हे महाराष्ट्रातले कुष्ठरोगाचं प्रमाण कायम चढं राहिलेले जिल्हे. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत हा सगळा एकच जिल्हा होता. पूर्वेला आणि दक्षिणेला दाट जंगल, मधून वैनगंगा आणि प्राणहिता, पार टोकाला इंद्रावती. याच मुलखाच्या पश्चिम अंगाला वरोऱ्याचं आनंदवन आहे. त्यामुळे ‘कुष्ठरोग आणि चंद्रपूर’ म्हटलं की मराठी माणसाला बाबा आमटे आठवतात आणि विषय तिथेच संपतो. या लेखाचा विषय थोडा वेगळा आहे: या रोगाने ज्यांचे हात, पाय, डोळे निकामी केले, त्यांच्यासाठी शस्त्रक्रियेने काय करता येतं, काय येत नाही, आणि या दोन जिल्ह्यांत ते नेमकं कुठे अडतं.

आधी रोगाबद्दल. मायकोबॅक्टेरियम लेप्री हा जंतू हॅन्सन यांनी नॉर्वेत १८७३ साली दाखवला. तो अतिशय संथ वाढतो. लागण आणि पहिला चट्टा यांत तीन ते पाच वर्षं सहज जातात, कधी वीसही. लोक याला कातडीचा रोग समजतात, आणि सुरुवात दिसते ती कातडीवरच. माणूस अपंग होतो तो मात्र नसांमधल्या दाहामुळे. जंतू नसेत घर करतो, शरीराची प्रतिकारशक्ती कधीतरी त्याच्यावर तुटून पडते, नस सुजते आणि स्वतःच्याच आवरणात चिरडली जाते. याला रिअ‍ॅक्शन म्हणतात. ती औषध सुरू होण्याआधी येते, चालू असताना येते आणि कोर्स पुरा झाल्यावरही येते. इथेच घोटाळा होतो. सहा किंवा बारा महिन्यांच्या बहुविध औषधोपचाराने जंतू मरतात, रजिस्टरात ‘रोगमुक्त’ अशी नोंद होते, आणि त्यानंतर हात वाकडा होतो. घरचे म्हणतात, औषधानेच वाट लावली.

कोपराची नस गेली की करंगळी आणि अनामिका आखडतात. मनगटाची गेली की अंगठा बोटांसमोर येत नाही. गुडघ्याखालची गेली की पाऊल लटकतं आणि चालताना फरफटतं. घोट्याची गेली की तळवा बधिर होतो. चेहऱ्याची गेली की डोळा मिटत नाही. पाच नसा आणि पाच तऱ्हेची अपंगत्वं, असा साधारण हिशेब मांडता येतो.

अशा हातावर शस्त्रक्रिया करण्यात अर्थ आहे, हे डॉक्टरांनाच फार उशिरा पटलं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत समज असा होता की कुष्ठरोग्याचं मांसच सडकं, कापलं तर जखम भरणार नाही. डॉ. पॉल ब्रँड १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. चेंगलपट्टूच्या कुष्ठरुग्णालयात त्यांनी एका रुग्णाच्या वाकड्या हातात आपला हात दिला आणि ‘दाब’ म्हणाले, तेव्हा कळ यावी इतकी ती पकड जोरकस निघाली. म्हणजे कोपराखालचे मोठे स्नायू शाबूत होते. तळहातातले बारीक तेवढे मेले होते. मग जिवंत स्नायूचा एखादा कंडरा, म्हणजे त्याला हाडाशी बांधणारी दोरी, मेलेल्याच्या कामाला का लावू नये? पोलिओच्या रुग्णांमध्ये हे तंत्र वापरलं जातच होतं. ते कुष्ठरोगात चाललं, आणि जखमाही इतर कुणाच्या भरतात तशाच भरल्या. बोटं ‘झडतात’ या समजाचाही ब्रँड यांनी छडा लावला. चटके, घासणं, न जाणवणारा दाब आणि त्यातून हाडात शिरलेला जंतुसंसर्ग ही खरी कारणं होती. काही रुग्णांची बोटं रात्री झोपेत उंदीर कुरतडत होते आणि त्यांना पत्ता नव्हता. त्यावर उपाय म्हणून रुग्णांना मांजरं पाळायला दिली गेली.

महाराष्ट्रात हे काम डॉ. नोशीर अंतिया यांनी रुजवलं. आधुनिक प्लास्टिक सर्जरीचे जनक मानले जाणारे हॅरॉल्ड गिलीज यांच्या हाताखाली ते इंग्लंडात शिकले आणि परत आल्यावर पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात जाऊ लागले. बसलेलं नाक उभं करणं, गेलेल्या भुवयांच्या जागी डोक्याची केसाळ त्वचा आणून लावणं, लोंबणारी कातडी आवळणं यांसारखी वरवर ‘सौंदर्याची’ वाटणारी कामं त्यांनी गंभीरपणे केली. भुवया नसलेला माणूस बाजारात लांबून ओळखू यायचा, त्याला चहाच्या टपरीवर कप मिळत नसे. तेव्हा भुवई ही चैन नव्हती. पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांनी कुष्ठरुग्णांना सर्वसाधारण रुग्णांबरोबर ठेवून दाखवलं. आणि एवढं केल्यावर हा शल्यविशारद १९७०च्या दशकात रायगड जिल्ह्यातल्या मांडव्याला गेला आणि गावातल्या कमी शिकलेल्या बायकांना चट्टा ओळखायला, औषध द्यायला शिकवू लागला. त्यांच्या साऱ्या कारकिर्दीत मला सगळ्यांत बोलका वाटतो तो हा प्रवास. वाकडी बोटं सरळ करण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने उत्तर शोधलं ते ऑपरेशन थिएटरच्या बाहेर.

विदर्भात तोवर वेगळंच काही उभं राहत होतं. मनोहर दिवाण यांनी १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केलं. अमरावतीला शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन वसवलं. गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानाने वर्ध्याहून घरोघरी पाहणी, शिक्षण आणि उपचार अशी पद्धत बसवली. बाबा आमट्यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली, कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये जाऊन कुष्ठरोगाचं शिक्षण घेतलं आणि वरोऱ्याच्या खडकाळ माळावर सहा रुग्णांनिशी वस्ती केली. विनोबांच्या हातून १९५१ साली आनंदवनाचं उद्घाटन झालं.

वेल्लोर आणि वरोरा एकाच प्रश्नाशी दोन टोकांकडून भिडले. ब्रँड यांच्या सुरुवातीच्या रुग्णांपैकी काही जण तक्रार घेऊन परत आले होते: हात सरळ झाले, आता भीक कमी मिळते, आणि डाग असलेल्या माणसाला काम कुणी देत नाही. तेव्हा वेल्लोरला सुतारकाम आणि इतर कौशल्यं शिकवणारं केंद्र काढावं लागलं. आनंदवनाने क्रम उलटा धरला. हात आहे तसा घ्यायचा, त्याला कुदळ आणि हातमाग पेलेल अशी सोय करायची, आधी काम, मग बाकीचं. शस्त्रक्रिया तिथेही होत आल्या आहेत, पण त्या काम करणाऱ्या माणसाच्या गरजेपोटी. मला हा क्रम जास्त शहाणपणाचा वाटतो, कारण शल्यविशारदाने रुग्णाला पहिला प्रश्न विचारायला हवा तो हाच: या हाताने तुला काय करायचं आहे?

आता प्रत्यक्ष शस्त्रक्रियांकडे. सगळ्यांत जास्त होते ती आखडलेल्या बोटांची. प्रत्येक बोटाला वाकवणारे दोन कंडरे असतात, एक वरचा आणि एक खोल. एकावर काम निभतं. मधल्या बोटाचा वरचा कंडरा सोडवून घेतात, उभा चिरून त्याच्या चार पट्ट्या करतात आणि एकेका बोटाच्या मुळाशी ओवून शिवतात. ताण किती ठेवायचा यात सगळं कसब आहे. ढिला राहिला तर बोट पुन्हा आखडतं, जास्त झाला तर बोटं मागे वाकून मूठच वळत नाही. अंगठ्यासाठी अनामिकेचा कंडरा वळवतात. ब्रँड यांच्या पद्धतीत मनगट उचलणाऱ्या स्नायूला पायातला किंवा मांडीतला पट्टा जोडून लांबवत. लटकत्या पावलासाठी पोटरीच्या खोलातला, पाऊल आत वळवणारा स्नायू पुढे आणून पावलाच्या वरच्या अंगाला बसवतात. न मिटणाऱ्या डोळ्यासाठी कानशिलावरच्या चावणाऱ्या स्नायूची पट्टी पापणीत ओवतात. मग रुग्णाला दात आवळले की डोळा मिटतो हे शिकावं लागतं. सोपा पर्याय म्हणजे पापण्यांच्या कडा थोड्या शिवून फट लहान करणं. वयस्कांसाठी तोच बरा.

यातली एकही शस्त्रक्रिया आज नवी नाही, फार महागडी यंत्रं मागणारीही नाही. पण ऑपरेशनच्या आधी हात तयार व्हावा लागतो. बहुविध औषधोपचार पुरा झालेला हवा, गेल्या सहा महिन्यांत रिअ‍ॅक्शन नको, सांधे हाताने सरळ होण्याइतके मऊ हवेत. त्यासाठी मेणाचा शेक, तेल लावून बोटं ताणणं, आणि कुठल्या स्नायूचं काम बदलणार आहे तो एकटा हलवण्याचा सराव. ऑपरेशननंतर साधारण तीन आठवडे प्लास्टर. पावलाचं असेल तर चार ते सहा. प्लास्टर निघाल्यावर मेंदूला नवं शिकवायचं असतं: जो कंडरा काल मधलं बोट वाकवत होता, तो आज चारही बोटांची मुळं सांभाळतोय. त्यासाठी रोजचा व्यायाम, किमान महिनाभर फिजिओथेरपिस्टच्या नजरेखाली. अवजड काम आणखी काही महिने बंद.

आणि हे सगळं जमलं तरी स्पर्श परत येत नाही. रुग्णाला हे आधी दहादा सांगायला हवं, कारण सरळ झालेला हात जास्त वापरला जातो आणि म्हणून जास्त भाजतो. चुलीवरचं भगोणं, पेटलेली बिडी, कुऱ्हाडीचा दांडा, सगळं बधिर कातडीलाच झेलायचं असतं. ऑपरेशन यशस्वी झालं आणि दोन वर्षांत बोटं आखूड झाली, असं घडतं ते यामुळे.

नस सुजलेली असतानाच तिच्यावर शस्त्रक्रिया करावी का, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. नसेत पू साचला असेल तर तो काढलाच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण नुसत्या दाबासाठी कोपरामागचं आवरण उघडून नस मोकळी करणं याला आधार तोकडा आहे. स्टेरॉइडला अशा शस्त्रक्रियेची जोड दिल्याने नसेचं काम जास्त सुधारतं का, हे तपासणारे नेमके प्रयोग फार थोडे झाले, आणि त्यांच्या कॉक्रेन आढाव्यात ठोस फायदा आढळला नाही. वेदना कमी होतात असं करणारे सांगतात, आणि गोळ्यांनी न शमणाऱ्या कळांसाठी ती करायला माझी हरकत नाही. पण दुर्गम तालुक्यातल्या रुग्णाला त्यासाठी शहरात पाठवण्यापेक्षा स्टेरॉइडचा कोर्स पुरा होतोय का हे बघणारा माणूस गावात असणं जास्त फळतं. हा कोर्स तीन ते सहा महिन्यांचा असतो, मात्रा हळूहळू उतरवायची असते, आणि मध्येच तोडला तर केलेलं पाण्यात जातं.

पायाची गोष्ट हातापेक्षा जिकिरीची. बधिर तळव्यावर एकाच जागी दाब पडत राहतो, कातडीखाली फोड येतो, फुटतो, व्रण होतो. वेळेत प्लास्टर घालून पायाला आराम दिला तर तो भरतो. चालत राहिलं तर संसर्ग हाडात जातो. मग मेलेलं हाड काढणं, पुढे आलेल्या हाडाचं टोक छाटणं, आणि शेवटी गुडघ्याखाली पाय कापणं. वर्षानुवर्षं न भरलेल्या जखमेत कर्करोगही उपजतो. या सगळ्यावरचा स्वस्त उपाय म्हणजे मऊ एम. सी. आर. रबराची चप्पल. ती पूर्वी इतकी वेगळी दिसायची की पायात घातली म्हणजे रोग जाहीर झाला; म्हणून कित्येकांनी ती घरात ठेवून दिली. आता बाजारातल्यासारखी दिसणारी बनते. पण जुलै-ऑगस्टमध्ये धानाच्या बांधीत रोवणीला घोटाभर चिखलात उतरायचं, तिथे कुठली चप्पल टिकणार? काटा रुतलेला समजत नाही, पाय दिवसभर भिजून मऊ पडतो, आणि तीन दिवसांनी दुर्गंधी सुटली की घरच्यांना कळतं.

अडचण इथे आहे, आणि ती शल्यतंत्राची नाही. जंगलातल्या माणसाचं वर्ष मोकळं नसतं. मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल, त्याला लागून मेपर्यंत तेंदूपत्ता, पाऊस पडला की नांगर आणि रोवणी, दिवाळीच्या पुढेमागे कापणी. तेंदूच्या सत्तर पानांचा पुडा बांधायला चिमूट लागते. ज्याची बोटं आखडली त्याला पानं तोडता येतात, पुडा बांधता येत नाही. ऑपरेशनची गरज कुणाला सांगावी लागत नाही. पण तीन महिने कुठून आणायचे? शासन पुनर्रचना शस्त्रक्रियेसाठी रुग्णाला अनुदान देतं. आधी ते ८,००० रुपये होतं, आता १२,००० आहे. तीन महिन्यांवर पसरलं तर दिवसाला १३३ रुपये पडतात. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. म्हणजे निम्मीसुद्धा भरपाई होत नाही, आणि त्यात बरोबर राहणाऱ्या नातेवाइकाची बुडालेली मजुरी धरलेलीच नाही.

माझ्या मते डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतची फट ही या दोन जिल्ह्यांची खरी शस्त्रक्रियेची वेळ आहे. पावसाळ्यानंतर रुग्ण निवडायचे, कापणी चालू असताना गावातच बोटांचे व्यायाम सुरू करायचे, डिसेंबरात शस्त्रक्रिया, जानेवारीत प्लास्टर काढायचं, फेब्रुवारीभर फिजिओथेरपी. मोहफुलं वेचायला लागेपर्यंत हात चिमटीचं हलकं काम करू शकतो, आणि तेच त्याचा व्यायाम ठरतं. लोकबिरादरी प्रकल्पाने १९७३ पासून हेमलकशात जे रुग्णालय चालवलं, तिथे बाहेरच्या डॉक्टरांची शस्त्रक्रिया शिबिरं हिवाळ्यात भरत आली आहेत. कुष्ठरोगाची शिबिरं मात्र बऱ्याचदा उद्दिष्टाच्या आणि आर्थिक वर्षाच्या हिशेबाने लागतात. मार्चअखेर आकडा पुरा करायचा म्हणून केलेलं ऑपरेशन मोहाच्या ऐन हंगामात प्लास्टरमध्ये अडकतं, आणि मग रुग्ण प्लास्टर स्वतःच कापून रानात जातो.

अंतराचंही तसंच. सिरोंच्याहून गडचिरोली गाठायलाच दोनशे किलोमीटरच्या आसपास जावं लागतं. पावसाळ्यात पर्लकोटा नदी फुगली की भामरागडचा रस्ता बंद पडत आला आहे. फिजिओथेरपीसाठी दर आठवड्याला या, असं सांगणं म्हणजे न येण्याची परवानगी देणं. त्यापेक्षा रुग्णाला नातेवाइकासह महिनाभर ठेवून घेणारी धर्मशाळा रुग्णालयाशेजारी हवी. याच दोन जिल्ह्यांत हत्तीपायाचाही प्रादुर्भाव आहे, आणि अंडवृद्धीच्या शस्त्रक्रियांची शिबिरं तुलनेने सुरळीत होतात. रुग्ण थोड्या दिवसांत घरी जातो, नंतर काही शिकायचं नसतं. त्याच साच्यात कुष्ठरोगाचा हात बसवायला गेलं की तो बसत नाही.

आणखी एक गोष्ट बाहेरून येणाऱ्या शल्यविशारदांना इथे येऊनच कळते. हाताच्या शस्त्रक्रियेत दंडाला पट्टा आवळून रक्तपुरवठा तासभर थांबवतात. गडचिरोलीच्या आदिवासींमध्ये सिकल सेलचं प्रमाण मोठं आहे, आणि प्राणवायू कमी पडला की या रोगातल्या रक्तपेशी कोयत्याच्या आकाराच्या होऊन नळ्या तुंबवतात. शिवाय कुष्ठरोगाच्या औषधातलं डॅप्सोन काहींचं रक्त उतरवतं. म्हणून इथे भुलीआधीची रक्ततपासणी ही औपचारिकता राहत नाही. साधी चाचणी तालुक्याला होते. ती रुग्णाला शहरात पाठवण्याच्या आधी व्हायला हवी, टेबलावर झोपवल्यावर नाही.

भारताने डिसेंबर २००५ मध्ये दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण हा टप्पा गाठल्याचं जाहीर केलं. सरासरी देशाची होती. जंगलातल्या तालुक्यांना ती लागू पडत नव्हती. पण त्याच सुमारास कुष्ठरोगाची स्वतंत्र यंत्रणा सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिसळली आणि कोपर चाचपायला शिकलेली माणसं निवृत्त होत गेली. आजही देशात वर्षाला लाखाच्या आसपास नवे रुग्ण नोंदले जातात, जगाच्या निम्म्याहून जास्त. आशा कार्यकर्त्या शोधमोहिमांत दारोदार जातात आणि चट्टे चोख शोधतात, हे मान्य करायला हवं. पण चट्टा सापडणं आणि नस तपासणं ही दोन वेगळी कामं आहेत. निदानाच्या वेळीच दिसणारं अपंगत्व असलेले रुग्ण किती, हा आकडा शासन मोजतं. उपचार चालू असताना किंवा संपल्यावर किती हात गेले, हा आकडा तितक्या चोखपणे गोळा होत नाही. शस्त्रक्रियांची संख्या वाढली म्हणून पाठ थोपटून घेताना हे विसरलं जातं की त्यातला प्रत्येक हात आधी कुणीतरी वेळेवर न तपासलेला होता.

आनंदवनातल्या जुन्या पिढीचा प्रश्न वेगळाच. त्यांचा कुष्ठरोग केव्हाच संपला. आता मोतीबिंदू आहे, मधुमेह आहे, खुंटाची जखम आहे. मुंबईहून डॉ. तात्याराव लहाने यांनी तिथे मोतीबिंदूची शिबिरं घेतली. बोटं आणि दृष्टी दोन्ही नसलेल्या माणसाला ताटातला घाससुद्धा चाचपून घेता येत नाही, त्यामुळे इथे एका डोळ्याचं ऑपरेशन एरवीपेक्षा कितीतरी जास्त परत देतं.

राहिला प्रश्न हे करणार कोण याचा. ब्रँड-अंतिया यांच्या शाळेत तयार झालेले शल्यविशारद आता थोडे उरले आहेत आणि पदव्युत्तर विद्यार्थ्याला आखडलेला हात परीक्षेपुरता दिसतो. पण कंडरा वळवण्याचं हेच तंत्र अपघातात नस तुटलेल्या हातालाही लागतं, त्यामुळे कुठल्याही अस्थिरोग किंवा प्लास्टिक सर्जरी विभागाला ते परकं नाही. चंद्रपूरला २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि तिथून आनंदवन तासाभराच्या अंतरावर. निवासी डॉक्टरांची हिवाळ्यातली पाळी तिथे लावणं अवघड नाही. त्याआधी मात्र भामरागड, एटापल्ली, सिरोंचा आणि कोरची या तालुक्यांना एकेक फिजिओथेरपिस्ट मिळायला हवा, कायम पदावर आणि मोटारसायकलसह. शल्यविशारद वर्षातून पंधरा दिवस आला तरी चालतं, फिजिओथेरपिस्टचं काम बारमाही आहे.